खिळ्यावरची किल्ली

२ फेब्रुवारी

मायना सोडून देतो. पूर्वी लिहायचो तो आता लागू नाही आणि दुसरा सुचत नाही. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या पत्रात चार ओळी होत्या. त्यांची उत्तरं त्याच क्रमाने.

गाडी शेडमध्ये आहे, तू उभी केलीस तिथेच. वर चादर आहे. चाकं बसली आहेत, बॅटरी मेली आहे. शेजारच्या मांजरीने बॉनेटवर एक बाळंतपण उरकलं, तेवढंच.

चोवीस तारखेला सकाळी तू येणार आणि अंधार पडायच्या आत गाडी घेऊन निघणार. नव्या नोकरीत पंप तपासत वस्त्या-वस्त्यांवर फिरायचं आहे, गाडीशिवाय भागणार नाही. समजलं.

किल्ली शेडच्या दारामागच्या खिळ्याला असावी, तू घरात येणार नाहीस. हेही समजलं. किल्ली तिथेच आहे. जाताना तू अडकवलीस, त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही.

चौथी ओळ पट्ट्याची. इंजिनाच्या टायमिंग बेल्टची मुदत तू गेलीस तेव्हाच संपली होती, तो बदलून इंजिन हाताने दोन फेरे फिरवल्याशिवाय कुणीही स्टार्टर मारू नये, आल्यावर तूच शेडमध्ये बदलशील. इथे माझं म्हणणं वेगळं आहे. पट्टा मी बदलून ठेवतो.

कारण सांगतो. काम दिवसभराचं आहे. दिवसभर तू शेडमध्ये, आम्ही घरात, मध्ये एवढंसं अंगण. तहान लागली तर तू बाहेरच्या नळाला तोंड लावणार. मला ते खिडकीतून बघायचं नाही.

नव्या पट्ट्याचा खोका फळीवर आहे. मागच्या वेळी तू गाडीखाली होतीस आणि मी टॉर्च धरला होता, तेव्हा मी नुसता टॉर्च धरून नव्हतो, बघतही होतो. जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाच्या एवढं लक्षात राहतं.

तुझ्या सासूबाईंना सांगितलं. तुमचे घटस्फोटाचे कागद झाल्यावर त्यांना सासूबाई म्हणावं की नाही, कोण जाणे. माझी ही, एवढं नक्की. ही भाजी निवडत होती.

"तिची गाडी, तिचा पट्टा. तिचं ती बघेल. इंजिनीअरबाई आहे ना ती? तुमच्या हातून आता—"

एवढं बोलून थांबली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

अक्षर जरा हललं आहे. हे टेबल डुगडुगतं.

— मी


८ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं. "तुम्ही हात लावू नका. लावलातच तर पट्टा काढण्याआधी खुणा करा. नेलपॉलिशने करा."

पहिलं वाक्य उशिरा पोचलं. उजवं चाक उतरलं आहे. इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक देऊन, इंजिन धरून ठेवणारी उजवीकडची पकड सोडली आहे. वरचं झाकण निघालं. आता मागे फिरण्यात अर्थ नाही.

बोल्ट दोन-तीनदा हातातून निसटले. सकाळी फार गारठा असतो. सगळे सापडले.

खालच्या पुलीचा मोठा बोल्ट मात्र सुटेना. पान्याला पाइप लावला, पाइपवर सगळं वजन टाकलं. बोल्ट सुटण्याऐवजी इंजिनच फिरायचं. तू त्या वेळी मला सीटवर बसवून, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबायला लावलं होतंस. आता सीटवर बसवायला माणूस नव्हतं.

हिला म्हणालो, पाच मिनिटं ये.

"मी त्या गाडीत बसणार नाही."

"बसू नको. नुसता ब्रेक दाब."

"उभ्याने दाबतात का ब्रेक?"

ती आत गेली. भांड्यांचे आवाज झाले. मग आली, चपला बाहेर काढल्या आणि परक्याच्या घरात शिरावं तशी गाडीत शिरली.

"दाबलास?"

"दाबला."

"घट्ट?"

"अहो, दाबला म्हणजे दाबला. तुम्ही तुमचं बघा."

"मी सांगेपर्यंत सोडू नको."

"लग्नापासून तेच चाललंय."

बोल्ट कटकन सुटला. मी पाइपासकट मागे बसलो. लागलं नाही. मला वाटलं ती उतरून बघायला येईल, पण ती सीटवरच होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"ही सीट एवढी पुढे कुणी घेतली?"

"कुणी नाही. तिची होती तशी आहे."

तिने ब्रेकवर पुन्हा पाय ठेवून पाहिला. तिला सीट हलवावी लागली नव्हती. तुम्हा दोघींची उंची सारखी आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. तुम्ही शेजारी-शेजारी अशा उभ्या राहिलात तरी कधी?

नंतर विचारलं तिने, एका रबरी पट्ट्यासाठी एवढा खटाटोप कशाला. मी तुझंच सांगितलं. वर व्हॉल्व्ह उघडझाप करतात, खालून पिस्टन वर येतात. जागा एकच आहे. दोघं ती वापरतात, वेळ तेवढी वेगळी. पट्टा त्यांच्या वेळा सांभाळतो. तो तुटला, किंवा बसवताना दोन-तीन दात चुकला, तर व्हॉल्व्ह खाली असतानाच पिस्टन वर येऊन आपटतो. किल्ली फिरवली की इंजिन संपलं. भंगार.

"म्हणजे आमचं स्वयंपाकघर," ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही.

रविवारी आमच्या चिरंजीवांचा फोन होता. तिकडे आता बर्फ आहे म्हणे. हिने सांगितलं, बाबा गाडी खोलून बसलेत. तो म्हणाला, कशाला, भंगारात द्या की. हिने फोन माझ्याकडे दिला. मला ऐकू येत नाही, असं मी त्याला सांगितलं.

पाकिटावरचा पत्ता हिच्या अक्षरात आहे. माझा चष्मा सापडत नव्हता.

— मी


१३ फेब्रुवारी

खुणा गेल्या. आधी हे लिहितो, मग कशा ते.

तू नेलपॉलिश म्हणाली होतीस. मला वाटलं, नेलपॉलिशची रेघ जाड येणार. माझ्याकडे कामावरची पांढरी शाई होती. बाटली इतकी वर्षं कपाटात होती तरी सुकली नव्हती. वरच्या चक्रीवर एक रेघ, तिच्यासमोर इंजिनावर एक. खालच्या चक्रीवर एक, तिच्यासमोर एक. नवा पट्टा चढवताना त्या जुळवल्या की झालं. चार रेघांना सगळी सकाळ गेली. पण केसाएवढ्या बारीक आल्या. बराच वेळ बघत उभा होतो.

मग ताण देणारी चाकी सैल केली आणि पट्टा उतरवला. बाहेरून नवा दिसत होता. उलटा वाकवला तर प्रत्येक दाताच्या मुळाशी भेग. एक दात नखाने निघाला. त्या दिवशी तू बॅग खांद्याला लावून स्टँडपर्यंत पायी गेलीस, ते शहाणपणाचं होतं. घाटाच्या पहिल्या चढाला तुटला असता.

जेवून जरा पडलो. उठून शेडमध्ये गेलो तर शेड आवरलेली. पाने उंचीप्रमाणे लावलेले. आणि दोन्ही चक्र्या चांदीच्या भांड्यांसारख्या. ही ओलं फडकं पिळत होती.

"किती घाण साचली होती," म्हणाली. "हात घालवत नव्हता."

ती शाई पाण्याने जाते. हे मला चांगलं माहीत आहे. नकाशावर चूक झाली की आम्ही ओल्या कापसाने टिपून घ्यायचो. म्हणून तर ती वापरायचो.

"पुसताना चक्र्या फिरल्या का?"

"फिरत होत्या. फिरणारी वस्तू फिरवूनच पुसतात."

"खालचीही?"

"तिच्याच मागे जास्त घाण होती."

मी शाईची बाटली परत कपाटात ठेवली. संध्याकाळी ही स्वतः जाऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला घेऊन आली.

त्याने वाकून पाहिलं. "काका, पोट फाडून ठेवलंत. आता शिवणार कोण?"

मी झालेलं सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय. पुली परत लावा. पुलीच्या कडेला कंपनीची खाच आहे, ती झाकणावरच्या काट्यासमोर आणा. वरच्या चक्रीवर कंपनीचा ठिपका आहे, तोही समोर आणा. पट्टा चढवा आणि मारा स्टार्टर. "बॅटरी मी आणून देतो. चुकलं असेल तर गाडी स्वतःच बोलेल ना, काका."

मला पटलं. खरं तर मला ते संपवायचं होतं. किल्ली जागेवर आहे ना, ते बघायला मी दाराकडे वळलो. दारात ही.

"तिनं काय लिहिलंय?"

"कुणी?"

"कुणी काय? हातानं दोन फेरे फिरवल्याशिवाय किल्ली लावायची नाही, असं लिहिलंय ना?"

ती तुझी पत्रं वाचते, हे मला तेव्हा कळलं.

गॅरेजवाला हसला. "काकू, लिहिणारी बसलीय लांब. इथं कोण बघतंय?"

"येतेय ती," ही म्हणाली. मग खिळ्यावरची किल्ली काढली आणि आत घेऊन गेली.

गॅरेजवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, सून येणार आहे होय? मग राहू द्या." आणि गेला.

किल्ली पुन्हा खिळ्याला लावायला मी तिला सांगीन. तू काळजी करू नकोस.

आता काय करू ते लिही. चार ओळींत नको. सविस्तर लिही.

— मी


१९ फेब्रुवारी

तुझा कागद आला. दोन्ही बाजूंनी भरलेला. शेवटी जागा पुरली नाही म्हणून समासात आडवं लिहिलंस. दोन वर्षांत तू मला एवढं कधी लिहिलं नव्हतंस. निमित्त काही का असेना.

मी तो हिला वाचून दाखवला. म्हटलं, चोरून वाचण्यापेक्षा बरं. पुलीच्या खाचेवर विसंबू नका, असं तू लिहिलंस तिथे ती पुढे सरकून बसली. पुली म्हणजे एकात एक दोन कड्या, मध्ये रबर. रबर जुनं झालं की बाहेरची कडी जराशी सरकते आणि तिच्यावरची खाचही सरकते. पुली दिसायला ठीक, बोलते मात्र खोटं.

"मग विचारायचं कुणाला?" ही म्हणाली.

पुढे वाचलं. पिस्टनलाच विचारायचं. पहिला स्पार्क प्लग काढा. भोकातून आईंची विणायची सुई सोडा, लाकडी, डोकं असलेली, म्हणजे आत पडणार नाही.

"आईंची" या शब्दावर मी थांबलो. थांबायचं नव्हतं, थांबलो.

"वाचा की पुढं," ही म्हणाली.

पुढचं मी वाचलं. ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, झालं. मग आली ती सुई घेऊन. सुईवरचा अर्धवट स्वेटर तिने दोऱ्यावर उतरवून ठेवला होता, एकेक टाका मोजून.

तू लिहिलंस त्या क्रमाने केलं. आधी खालच्या चक्रीचा दांडा, ज्यावर पिस्टन हलतात तो, पाव फेरा मागे, म्हणजे चारही पिस्टन मध्यावर येतात आणि वर काही फिरवलं तरी कुणाला कुणाचा धक्का लागत नाही. मग वरच्या चक्रीचा ठिपका त्याच्या जागी. मग खालचा दांडा हळूहळू पुढे. पाना माझ्याकडे, सुई तिच्याकडे.

"येतेय वर. येतेय. येतेय. अजून. थांबा. अहो, थांबा म्हटलं ना!"

"गेली खाली?"

"नाही. पण आता येईना. नुसती उभी आहे."

तेच हवं होतं. अगदी वर आल्यावर पिस्टन लगेच उतरत नाही, क्षणभर ना वर ना खाली. त्या क्षणाच्या मधोमध थांबायचं, असं तू लिहिलं होतंस. आम्ही तिथे तीनदा पुढेमागे केलं. मला पान्यावर कळत नव्हतं, तिला बोटांत कळत होतं.

खालचं झाकण आणि पुली नुसती जागेवर धरून पाहिली. खाच काट्याच्या पुढे बोटभर गेलेली. गॅरेजवाल्याचं ऐकलं असतं तर चोवीस तारखेला मी तुला भंगार दिलं असतं, वर चादर घालून.

सुई तशीच धरून, मान वर न करता तिने विचारलं, "गाडी सोडून का गेली ती?"

"पट्ट्याची मुदत संपली होती. एवढ्या लांब न्यायची तिची हिंमत झाली नाही."

"एवढंच?"

"एवढंच. तुला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं, परत यायला निमित्त ठेवलं."

मी पाना धरून बसलो. सुटला तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

"उंबरा चढू नकोस, असं म्हणाले होते मी," ती म्हणाली. "गाडीचं काही बोलले नव्हते."

मग पट्टा. तो तिनेच चढवला, मी सांगत गेलो. फट अरुंद आहे, माझी बोटं जात नाहीत. खालून सुरुवात, ताणाची बाजू घट्ट, ढील सगळी चाकीच्या बाजूला. चढवता चढवता म्हणाली, "हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?" काय ते मी विचारलं. "तिचं काम. असं असतं ते."

दोन फेरे अजून झालेले नाहीत. आज अंधारून आलं. उद्या-परवा.

पेन नवं आहे, हाताला बसत नाही अजून.

— मी


२३ फेब्रुवारी

हे पोस्टात टाकत नाही, पोचणार नाही. ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतो. तू दार उघडशील तेव्हा मिळेल.

दोन फेरे काल झाले. कसे झाले ते सांगतो, कारण गाडी तुझी आहे.

पुली परत लावली, बोल्ट आवळला. त्यासाठी ही पुन्हा ब्रेक दाबून बसली, या वेळी चपलांसकट. प्लग जागेवर. गाडी न्यूट्रल. मी खाली बसून पाना लावला आणि फिरवायला लागलो. अर्धा फेरा होत आला आणि अडला.

एवढं सगळं करून पिस्टन व्हॉल्व्हला टेकला, असं वाटलं. अशा वेळी माणसाला जोर लावून बघावंसं वाटतं. नकाशावर रेघ चुकली की तीच पुन्हा ठळक करावीशी वाटते, तसं.

"जोर लावू नका," ही म्हणाली. "तिनं काय लिहिलंय? कडक अडलं तर थांबा, मऊ अडलं तर ती आतली हवा, हळू जाऊ द्या. हे कडक आहे की मऊ?"

मला सांगता येईना.

"सरका," म्हणाली. खाली बसली, पाना हातात घेतला. डोळे मिटले. मग कणकेवर हात ठेवावा तसा जरासा भार दिला. काढला. पुन्हा दिला.

"मऊ आहे."

"नक्की?"

"अहो, मऊ म्हणजे मऊ."

आत कुठेतरी हवा सुस्कारली आणि पाना पुढे गेला. त्यानंतर प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला तसंच झालं. दोन फेरे तिनेच पूर्ण केले. मी उभा राहून वरचा ठिपका बघत होतो. तो फिरत फिरत आला आणि आपल्या जागेसमोर थांबला. तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही. जन्मभर कागदावर दोन रेघा जुळवल्या. लोखंडात जुळलेल्या पहिल्यांदा पाहिल्या.

मग खुणा केल्या, तुला तपासता याव्यात म्हणून. या वेळी नेलपॉलिशने. ही आत गेली आणि तुझी लाल बाटली घेऊन आली.

"ही अजून आहे?"

"टाकायला वेळ कुठं मिळाला?"

घट्ट झाली होती. तिने काहीतरी घालून पातळ केली. रेघा जाड आहेत, पण पाण्याने जाणार नाहीत.

पकड, चाक, सगळं जागेवर आहे. चाकांत हवा भरली. गॅरेजवाल्याने बॅटरी आणून बसवली आणि हिची परवानगी घेऊनच गेला. फक्त पट्ट्यावरचं वरचं झाकण लावलेलं नाही. तू स्वतः खुणा बघितल्याशिवाय किल्ली लावणार नाहीस, हे मला माहीत आहे. झाकणाचे बोल्ट वाटीत आहेत. स्टार्टर कुणीही मारलेला नाही. तो तुझा.

मी खिडकीत उभा राहणार नाही. तू तुझं बघून, आवाज ऐकून, निवांत नीघ. एक विनंती आहे, ऐकलीस तर ठीक. तिथे पोचल्यावर दोन ओळी टाक, पट्टा कसा चालला ते. पुढचा पट्टा पाच वर्षांनी. तोवर अधूनमधून त्याच्याबद्दल विचारलेलं तुला चालेल का, हे मला माहीत नाही.

किल्ली खिळ्याला लावायला हिला सांगितलं आहे. हो म्हणाली.

— बाबा


खालचं माझं आहे. ते झोपलेत.

शाई मी पुसली ती घाण होती म्हणून. दुसरं काही नव्हतं. गाडी अडवून ठेवायची असती तर पट्ट्याचा खोकाच फेकला असता, एवढी अक्कल मला आहे.

टेबल डुगडुगत नाही. पेनही जुनंच आहे. वर्ष झालं, यांचा हात कापतो. आता मी कप अर्धाच भरते. तुला कळवायचं नाही, असं यांनी मला बजावलं होतं. पण तू एवढी लांब जाणार, काम कुणाच्या हातचं आहे ते तुला माहीत हवं. पट्टा मी चढवला आहे. फेरे मी फिरवले. लाल रेघा माझ्या. तू लिहिलंस तसंच केलंय सगळं, तरी तपासून घे.

उंबऱ्याचं मी बोलले होते. बोललेलं मागे घ्यायचं तर तेही मीच घ्यायला हवं.

खुणा बघताना हात काळे होतील. बाहेरचा नळ मी बंद केला आहे. किल्ली खिळ्यावर शोधू नकोस, माझ्याकडे आहे.

आत ये.